नॉस्केबाईंचा उजवा पाय

टॅलिंगा, दक्षिण ऑस्ट्रेलिया
३ ऑगस्ट १९५८

प्रिय थर्झा,

तुझ्या गुडघ्यांची चौकशी शेवटी करतो, आधी महत्त्वाचं. आपल्या टॅलिंगा वाद्यवृंदाला येत्या ऑक्टोबरात पंचवीस वर्षं पूर्ण होतायत. अकरा तारखेला, शनिवारी, गावच्या हॉलमध्ये रौप्यमहोत्सवी कार्यक्रम ठरलाय. अ‍ॅडलेडहून एक नामांकित संगीतज्ञ पाहुणे म्हणून येणार आहेत. त्यांनी होकार कळवला तेव्हापासून मी दुकानात खोकल्याच्या औषधाऐवजी दोघांना पोटाचं औषध दिलं, यावरून माझी अवस्था ओळख.

त्या दिवशी प्रत्येकाच्या हातात वाद्यवृंदाचा छापील इतिहास द्यायचा आहे. तो लिहायची जबाबदारी समितीने एकमताने माझ्यावर टाकली. समितीत आम्ही तिघं. स्टेशनमास्तर क्लेम रोव, म्हणजे आपला क्लॅरिनेटवाला, गैरहजर होता, आणि पहिलं व्हायोलिन वाजवणाऱ्या मिस व्हेरनचा घसा बसला होता.

सुरुवात अशी केलीय: 'स्थापनेपासून आजतागायत या वाद्यवृंदाने आपल्या संचालकाच्या छडीवरून नजर ढळू दिलेली नाही.' कसं वाटतं? पुढे १९४५च्या विजयोत्सवाचा प्रसंग आहे. आठवतं ना, ऐन मध्यात हॉलचे दिवे गेले आणि काळोखात, माझी छडी दिसत नसताना, तुम्ही सगळ्यांनी शेवटपर्यंत एकही ठेका न चुकता वाजवलंत. माझा ताल तुमच्या किती अंगात मुरला होता, याचा याहून मोठा पुरावा नको. तुझ्या अशा काही आठवणी असतील तर धाड. सतरा वर्षं तू पहिल्या खुर्चीवर बसत होतीस.

एक अडचण मात्र आहे. एनिडबद्दल काय लिहू? तिला जाऊन वर्ष झालं. लग्न होऊन आल्यापासून ती शेवटच्या रांगेत व्हायोलिन धरून बसली आणि शेवटपर्यंत एकटी चुकत राहिली. सगळा वाद्यवृंद एकीकडे, एनिड दुसरीकडे. तालमीनंतर घरी येताना व्हॅनमध्ये मी तिला दर मंगळवारी सांगायचो, "अगं, बाकीच्यांसारखं माझ्याकडे बघून वाजव." ती म्हणायची, "बघते रे, हेडली." इतिहासकाराने खरं लिहावं हे कबूल, पण नवऱ्याने काय लिहावं?

घर हल्ली फार मोठं वाटतं. मंगळवार आहे म्हणून आठवडा सरतो.

तुझा भाऊ,
हेडली

*

फ्रीमँटल
१४ ऑगस्ट १९५८

प्रिय हेडली,

गुडघ्यांची चौकशी शेवटी करतो म्हणालास आणि केलीच नाहीस. ते जसे होते तसेच आहेत. लेकीच्या घराला चार पायऱ्या आहेत आणि मला त्या चाळीस वाटतात, त्यामुळे तीन दिवस आगगाडीत बसून तुझ्या रौप्यमहोत्सवाला येणं होणार नाही.

आठवणी मागितल्यास. पहिल्या कार्यक्रमाची लिही. वॉल्ट्झ चालू झाला, तुला तो इतका आवडला की तू डोळे मिटलेस, आणि तुझी छडी हळू होत होत जवळजवळ झोपी गेली. क्लेमचा दम संपला. ट्रॉम्बोनवाला तुझी वाट न बघता पुढे निघून गेला. सगळे आपापल्या सोयीने शेवटाला पोचलो. संपलं हे लोकांनाही कळलं नव्हतं, पण कुणीतरी सुरुवात केली म्हणून सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

त्यानंतर आम्ही सुधारलो. कसे सुधारलो ते इतिहासात नको.

काळोखाचं म्हणशील, तर हुल्डा नॉस्केचे जाड तळाचे तपकिरी बूट लाकडी फरशीवर चांगले वाजतात, एवढंच सांगते. हुल्डा कशी आहे? चेलो वाजवते ना अजून पुढच्या खुर्चीवर? तिच्या जर्दाळूंची छाटणी सुरू झाली असेल. या वयात तिला शिडीवर चढू देऊ नकोस. तिच्या मुलांना सांग, झाडं काय पुढच्या वर्षीही वाढतील.

एनिडबद्दल एवढंच लिही की ती होती. पुरे आहे.

थर्झा

*

टॅलिंगा
२४ ऑगस्ट १९५८

प्रिय थर्झा,

तुझ्या जिभेला काळा तीळ आहे का? तुझं पत्र आलं त्याच्या आदल्या दिवशी नॉस्केबाई शिडीवरून पडल्या. उजव्या पायाचा घोटा मोडला. गुडघ्यापर्यंत प्लास्टर आहे आणि ते ऑक्टोबर संपेपर्यंत निघत नाही. हात मात्र शाबूत आहेत, म्हणजे चेलोला काही धोका नाही. मी वाद्यवृंदाला तसं सांगितलं, "मंडळी, चेलो हाताने वाजवतात." कुणी हसलं नाही.

खरं सांगतो, मला हा प्रकार कळत नाही. एका बाईचा घोटा मोडला तर माणसं हळहळतील, खिमा भरलेल्या पेस्ट्या करून नेतील, इथवर ठीक. पण इथे सुतक पडल्यासारखं झालंय. क्लेम रोवने आयुष्यात बायकोला फूल दिलं नाही, तो नॉस्केबाईंना गुच्छ घेऊन गेला. मिस व्हेरन तालमीत रडली. एनिड गेली तेव्हा ही मंडळी इतकी खचली नव्हती. हे मला थोडं लागलं, पण ते असो.

आनंदाची गोष्ट वेगळीच आहे. गेल्या मंगळवारच्या तालमीपासून सगळे माझ्याकडे बघतायत. म्हणजे पूर्वीही बघत होतेच, पण आता टक लावून बघतात. क्लेमचे डोळे निळे आहेत हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं. मोठा प्रसंग जवळ आला की माणसं संचालकाकडे वळतात, तसंच हे असणार.

वाजवणं मात्र बिघडलंय. त्याचं कारण सापडत नाही. जितकं जास्त बघतात तितकं जास्त बिघडतं. म्हणून मी आणखी नीट बघायला सांगितलंय.

हेडली

ता.क. गुडघे कसे आहेत?

*

फ्रीमँटल
१ सप्टेंबर १९५८

प्रिय हेडली,

कार्यक्रम पुढे ढकल. पाहुण्यांना कळव की गावात गोवर आलाय. तू औषधवाला आहेस, तुझ्यावर विश्वास ठेवतील.

ते जमत नसेल तर मिस व्हेरनला तिच्या खुर्चीवरून व्हायोलिनच्या गजाने इशारे करू दे आणि तू पाहुण्यांच्या शेजारी पहिल्या रांगेत बस. पंचवीस वर्षं उभा राहिलास, आता बसून मान घे. कुणी काही म्हणणार नाही.

तेही नको असेल तर हुल्डाकडे जा आणि विचार, डाव्या पायाने जमेल का? का, कशाला, ते मला विचारू नकोस. तिला विचार, तिला कळेल.

आणि प्रत्येकाला सांग की तुझ्याकडे इतकं बघू नका. मी तुझी मोठी बहीण आहे, माझं एकदा तरी ऐक.

थर्झा

*

टॅलिंगा
९ सप्टेंबर १९५८

प्रिय थर्झा,

तुझं पत्र वाचून वाईट वाटलं. मिस व्हेरनने वाद्यवृंद चालवायचा आणि मी पाहुण्यांशेजारी टोपी मांडीवर घेऊन बसायचं? तुझी खुर्ची तिला मिळाली याचं तुला अजून वाईट वाटतं, हे मी समजू शकतो. पण त्याचा राग माझ्यावर काढू नकोस.

तरी तुझा शब्द मोडायचा नाही म्हणून नॉस्केबाईंना विचारलं, "थर्झा विचारतेय, डाव्या पायाने जमेल का?" त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मी काहीतरी वावगं बोललो की काय, असं मला वाटायला लागलं. मग म्हणाल्या, "माझा डावा पाय फक्त चर्चला जातो हो. त्याला तालातलं काही कळत नाही." ही जर्मन वळणाची माणसं कधी विनोद करतात आणि कधी नाही, हे मला आजवर कळलेलं नाही.

आणि पायांचंच म्हणशील तर नवीच साथ आलीय. क्लेमने तालमीत पाय आपटायला सुरुवात केली. मिस व्हेरनला त्याचा पाय पसंत पडला नाही, म्हणून तिने आपला वेगळा आपटला. ट्रॉम्बोनवाला घरून खिळ्यांचे बूट घालून आला. प्रत्येकाचा पाय वेगळं सांगतो आणि प्रत्येकजण दुसऱ्याच्या पायाकडे संशयाने बघतो. धक्क्यावर मेंढ्या बोटीत चढवतात तेव्हा असा आवाज होतो. मी सरळ पाटी लिहून समोरच्या भिंतीवर लावली: 'पाय स्थिर. नजर संचालकाकडे.' आता पाय थांबलेत. वाजवणं आणखी बिघडलंय.

तरी कार्यक्रम होणार. पहिल्या वर्षीचाच वॉल्ट्झ शेवटी ठेवलाय, आणि तो मी डोळे मिटून घेणार आहे, कारण तो तसाच घ्यायचा असतो. अख्खा तालुका येणार. शेजारच्या जर्नी हिलच्या बँडवाल्यांनी पहिल्या तीन रांगा मागितल्यात, ते कशासाठी येतायत ते मला ठाऊक आहे.

थर्झा, एक तुला सांगतो, दुसऱ्या कुणाला सांगणार नाही. त्या दिवशी आमचं हसं झालं तर मी छडी ठेवून देईन. मग मंगळवारी संध्याकाळी मी काय करायचं, ते मला सुचत नाही. दुकान सहाला बंद होतं.

हेडली

*

फ्रीमँटल
१५ सप्टेंबर १९५८

प्रिय हेडली,

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. ही मूठ आम्ही पंचवीस वर्षं झाकली. आता मी उघडते, कारण तू ती पाटी लावलीस.

टॅलिंगा वाद्यवृंदाने तुझ्या छडीकडे बघून कधीही वाजवलेलं नाही. तुझा हात म्हणजे जेवताना मधमाशी हाकलणाऱ्या माणसाचा हात आहे. सुरुवातीला बरा चालतो. मग तुला एखादी जागा आवडते, तू डोळे मिटतोस आणि हात जाईल तिकडे जातो. पहिल्या कार्यक्रमानंतर मी आणि हुल्डा चहाच्या भांड्यापाशी उभ्या होतो. मी म्हटलं, "याचं काय करायचं?" ती म्हणाली, "याला राहू दे. मी पाय आपटते." तिचा उजवा पाय घड्याळापेक्षा बरा आहे, आणि ती पुढे बसते, म्हणून तिचा बूट सगळ्यांना दिसतो. झालं. त्या दिवसापासून वाद्यवृंदाचा संचालक तो बूट आहे.

नवीन माणूस आला की पहिल्या तालमीला चहा घेताना त्याला सांगतात, "बुटाकडे बघायचं. हेडलीकडे बघायचं नाही. फक्त पान उलटताना एकदा वर बघायचं, नाहीतर त्याला वाईट वाटतं." हा नियम मी केला, आणि मला त्याचा अजूनही अभिमान आहे. हॉलचे दिवे गेले तेव्हा हुल्डाने नेहमीपेक्षा जोरात पाय आपटला, बाकी काही झालं नाही.

तुला का सांगितलं नाही? कारण तुझ्यावाचून वाद्यवृंदच नसता. व्हॅन घेऊन शेताशेतांवर जाऊन माणसं कोण गोळा करतो? हॉलमधली शेगडी कोण पेटवतो, क्लेमला क्लॅरिनेटची रीड कोण आणून देतो, दुष्काळाच्या वर्षी कुणाला वाजवायचं मन नव्हतं तेव्हा दारात उभं राहून "चला, चला" कोण म्हणत होतं? त्या खुर्च्यांवर एकही माणूस तुझ्याशिवाय बसला नसता. फक्त बसल्यावर तुझं काय करायचं, एवढाच प्रश्न होता. तो बुटाने सोडवला.

आता बूट नाही, आणि तू त्या बिचाऱ्यांना तुझ्याकडेच बघायला लावतोयस. त्यांनी तुझी छडी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलीय, ते घाबरलेत. अकरा तारखेला तू डोळे मिटलेस तर जर्नी हिलवाले वर्षभर हसतील, तू घरी जाऊन बसशील, आणि त्या घरात आता कुणी नाही. मला हे होऊ द्यायचं नाही. तुला राग येईल. येऊ दे, मी लांब आहे.

थर्झा

*

टॅलिंगा
२२ सप्टेंबर १९५८

थर्झा,

पत्र मिळालं. एकच विचारायचंय.

एनिडसुद्धा?

हेडली

*

फ्रीमँटल
२७ सप्टेंबर १९५८

प्रिय हेडली,

नाही. एनिड नाही.

ती लग्न होऊन आली तेव्हा चहाच्या भांड्यापाशी मीच तिला नियम सांगितला. बुटाकडे बघ, हेडलीकडे नको, पान उलटताना एकदा वर. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण मग त्याच्याकडे बघणार कोण?"

मला वाटलं, नवी नवरी आहे, महिन्याभरात शहाणी होईल. झाली नाही. हुल्डाने किती वेळा खुणावलं. मी तिला तुमच्या स्वयंपाकघरात बसवून बुटाबरोबर सराव करायला लावला, तो तिला छान जमला. तालाची तिला मुळीच अडचण नव्हती रे, कान माझ्यापेक्षा बरा होता. पण मंगळवारी शेवटच्या रांगेत बसली की ती सरळ तुझ्याकडे बघून वाजवायची. तू रेंगाळलास की ती रेंगाळायची, तू पळालास की पळायची. म्हणून तर ती एकटी वेगळी ऐकू यायची. चुकत तू होतास, ती तुझ्यासोबत होती.

मी इकडे राहायला आले तरी हुल्डा दर नाताळाला लिहायची, 'एनिड अजून त्याच्याकडेच बघते.'

तू तिला व्हॅनमध्ये बोलायचास, हे मला तुझ्या या वेळच्या पत्रातून कळलं. तेव्हा कळलं असतं तर मी तुझे कान उपटले असते. ती "बघते रे" म्हणायची ते खरं होतं, आणि ऐकणाऱ्याला ते पुरलं नाही. यावर मी आणखी काही लिहीत नाही. तुझं तुला कळेल.

कार्यक्रम कर. पाटी काढ आणि हुल्डाकडे जा.

थर्झा

*

टॅलिंगा
१३ ऑक्टोबर १९५८

प्रिय थर्झा,

तुझे गुडघे कसे आहेत? या वेळी आधी विचारतो.

तुझं एनिडबद्दलचं पत्र आलं त्या दिवशी मी दुकान उघडलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. गावाने आपलं आपण खोकून घेतलं. मी स्वयंपाकघरात बसून होतो आणि मला एकामागून एक मंगळवार आठवत होते. मी व्हॅन चालवतोय आणि ती शेजारी व्हायोलिनची पेटी मांडीवर धरून बसलीय, आणि मी तिला समजावतोय. मला फार लाज वाटली. इतकी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती. तुझ्यावरचा राग मात्र दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत टिकला, पुढे नाही.

मग खोकल्याच्या गोळ्यांची पुडी घेतली आणि नॉस्केबाईंकडे गेलो. त्या स्वयंपाकघरात पाय खोक्यावर ठेवून बटाटे सोलत होत्या. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "थर्झाने लिहिलं?"

मी म्हटलं, "हो."

"बरं झालं. मला लपवायचा कंटाळा आला होता. कॉफी घ्या."

कॉफी झाली. मी विचारलं, प्लास्टरसकट टाच आपटता येईल का? त्या म्हणाल्या, "डॉक्टर मारेल मला. आणि दुखतं हो." मग दोघंही त्या पायाकडे बघत बसलो. प्लास्टरच्या टोकाला नुसता अंगठा बाहेर होता. थंडी वाजू नये म्हणून सुनेने त्याला लाल लोकरीची टोपी विणून घातली होती. बाई म्हणाल्या, "हा एवढा माझ्या ताब्यात आहे," आणि अंगठा वर-खाली करून दाखवला. एक-दोन-तीन, एक-दोन-तीन. थर्झा, मी आयुष्यात पहिल्यांदा त्या पायाकडे नीट बघितलं. काय सरळ ताल आहे त्याला.

मी म्हटलं, "पण हा एवढासा. क्लेमला कुठून दिसणार? व्हायोलिनवाल्यांना तर मुळीच नाही."

"त्यांना कशाला दिसायला हवा? तुम्ही माझ्या समोर उभे असता. तुम्हाला दिसला म्हणजे पुरे."

"आणि ते?"

"ते तुमच्याकडे बघतायत ना? तुम्हीच पाटी लावलीत की."

म्हणून मी पाटी काढली नाही. हे तुझं ऐकलं नाही, माफ कर.

शनिवारी हॉल भरला होता. जर्नी हिलवाले पहिल्या तीन रांगांत हाताची घडी घालून बसले होते. नॉस्केबाईंची खुर्ची मी माझ्या अगदी पुढ्यात घेतली आणि त्यांचा पाय जर्दाळूच्या खोक्यावर, उशी घालून. लोकांना वाटलं, आजारी बाईची किती काळजी घेतो हा. वादक मात्र काळजीने पिवळे पडले होते. क्लेम माझ्याकडे असा बघत होता, जणू मी त्याचा दात काढणार आहे.

मी छडी उचलली आणि अंगठ्याकडे बघितलं. अंगठा खाली आला, माझा हात खाली आला, आणि सगळे एकदम सुरू झाले. माझ्या हातासरशी. हे कधी झालं नव्हतं, थर्झा, आणि झालं नव्हतं हे मला माहीतही नव्हतं. आजवर मला वाटायचं, संगीत असंच जरासं आपल्या पुढे किंवा मागे ऐकू यायचं असतं. त्यांच्या चेहऱ्यांवरची भीती हळूहळू गेली. मिस व्हेरन तर चक्क हसली. मी तिकडे फार बघू शकलो नाही, मला अंगठा सोडता येत नव्हता.

सगळ्यांत अवघड होतं ते वॉल्ट्झमध्ये डोळे उघडे ठेवणं. तुला ती जागा ठाऊक आहे, व्हायोलिनं वर चढतात आणि उतरायच्या आधी माझ्या हाताला थांबावंसं वाटतं. तिथे हात ओढ घ्यायला लागला. अंगठा थांबला नाही. मी दात खाऊन त्याच्याबरोबर गेलो. दुसऱ्यांदा ती जागा आली, पुन्हा तसाच गेलो.

शेवटच्या फेरीत तीच जागा आली आणि अंगठा थांबला.

मला वाटलं, बाईंना कळ आली. वर बघितलं तर त्या गज तसाच धरून माझ्याकडे बघत होत्या. सगळेच माझ्याकडे बघत होते. मग मी रेंगाळलो. मला पंचवीस वर्षं रेंगाळायचं होतं तेवढा वेळ रेंगाळलो, आणि ते सगळेच्या सगळे माझ्याबरोबर थांबले. क्लेमचा दम पुरला. एकही माणूस पुढे गेला नाही. मग अंगठा हलला आणि आम्ही उतरलो.

माझे डोळे भरून आले होते, ते पुसायला हात मोकळा नव्हता.

पुढचं थोडक्यात सांगतो. अ‍ॅडलेडचे पाहुणे भाषणात म्हणाले की हौशी वाद्यवृंद संचालकाकडे इतक्या निष्ठेने बघताना त्यांनी कधी पाहिला नाही, आणि वॉल्ट्झमधलं ते थांबणं केवळ अनेक वर्षांच्या सवयीनेच जमू शकतं. जर्नी हिलवाल्यांनी टाळ्या वाजवल्या, नाइलाजाने का होईना. क्लेम माझा हात धरून म्हणाला, "हेडली, आज तू काय केलंस रे?" आणि मी म्हटलं, "नेहमीचंच." मिस व्हेरन चहाच्या भांड्यापाशी कुणाशी तरी कुजबुजत होती की नॉस्केबाईंचं प्लास्टर निघालं तरी त्यांना आता त्रास द्यायला नको, आता काय, हेडलीकडे बघितलं की झालं.

मी तडक लॅमिंग्टन केकची बशी घेऊन नॉस्केबाईंकडे गेलो आणि त्यांना हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग मी त्याच खुर्चीवर, तुमच्या पुढ्यात, बूट काढून बसेन. तुम्ही मात्र कुणाला बोलू नका. इतकी वर्षं तुम्हाला फसवलं असं वाटून बिचाऱ्यांना वाईट वाटेल."

मी कबूल केलं. मग विचारलं, "शेवटच्या वेळी त्या जागेवर अंगठा का थांबवलात? दुखला?"

बाईंनी लॅमिंग्टनचा तुकडा तोंडात टाकला आणि तो संपेपर्यंत मला ताटकळत ठेवलं. मग म्हणाल्या, "एनिड तिथे दर वेळी एकटी मागे राहायची. म्हटलं, एकदा सगळ्यांनी राहून बघावं."

मी त्यांना दुसरा लॅमिंग्टन आणून दिला.

तुझा,
हेडली